दूध विरजेना

आमच्या घरी दही लागायचं बंद झालं आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. तिन्हीसांजेला विरजण कुणाला द्यायचं नसतं, अन् मी शेजारणीला वाटीभर दिलं होतं. सासूबाईंनी आख्ख्या गल्लीला सांगितलं, हिनं घरातलं दही घालवलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! पण सकाळी झाकण काढलं की भांड्यात दूधच. आंबट नाही, नासकं नाही, आदल्या रात्रीसारखंच गोड.

मग मी माहेराहून, मलकापूरहून विरजण आणलं. तिथं त्याचं घट्ट दही लागत होतं, आमच्या दुधात ते निपचित पडलं. भर उन्हाळ्यात एकदा भांडं तसंच कट्ट्यावर राहिलं, तरी दूध फुटलं नाही. त्या भांड्याची मला भीतीच वाटायला लागली. सासूबाई मात्र खूश, कोल्हापूरला घालायचं दूध टिकतंय म्हणून.

आमची म्हैस ओढ्याचं पाणी प्यायची. वरच्या अंगाला औषधांचा कारखाना झाल्यापासून ओढ्याला फेस यायचा, दवाखान्यातल्यासारखा वास यायचा. बेडकं ओरडायची थांबली होती. आम्ही म्हटलं, बरं झालं, निवांत झोप लागती. काय अक्कल म्हणायची ही!

लेक माझी वर्षाची. सकाळ-संध्याकाळ तेच दूध प्यायची. तिला ताप भरला तो उतरेचना. गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं, मग कोल्हापूरला दवाखान्यात ठेवली, तिथंही पहिलं औषध लागू पडलं नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या अंगातले जंतू या औषधांना सरावलेत, आता दुसरं देऊन बघू, पण खात्री देता येत नाही. अन् मग विचारलं, "या तापाच्या आधी किती औषधं दिलीत हिला?"

"एक गोळीसुदीक न्हाय ओ," मी म्हटलं. "नुसतं घरच्या म्हशीचं दूध."

बोलता बोलताच मला ते न विरजणारं दूध आठवलं, अन् ओढ्याचा तो औषधाचा वास.

तेवढ्यात सासूबाई घरनं किटलीतनं दूध घेऊन आल्या. मी किटली हिसकावली आणि सगळं दूध मोरीत ओतलं. लेक मात्र दूध दिसल्यावर हात पसरून रडायला लागली, आणि तिच्या तोंडात घालायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.