थांबायची ओळ

धर्मापुरीच्या देवळात गारवा असतो, म्हणून मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला तिथं जायचो. मागच्या वेळी पेपर अर्धाच राहिला होता. त्यामुळे मोबाईलवरच्या एका सरांकडून भरभर वाचायला शिकत होतो. ओठ हलवायचे नाहीत, ओळीवर बोट फिरवायचं नाही, सोपं असेल तिथं पळायचं आणि अवघड असेल तिथंच थांबायचं, असं सर सांगायचे.

समोरच्या खांबाला टेकून एक मावशी रोज पोथीतला एकच अध्याय वाचायच्या. त्यांचे ओठ हलायचे, बोटही फिरायचं, तरी वेग असा की मला त्यांचा रागच यायचा. एका ओळीवर मात्र बोट थांबायचं. पदरानं चष्मा पुसत त्या नुसत्याच बसायच्या, मग पुन्हा सुसाट.

एकदा न राहवून मी पोथीत डोकावलो. आई ताट वाढून लेकाची वाट बघते, एवढंच होतं तिथं.

"मावशी, हितं अवघड काय हाय?"

"अवघड काईच न्हाई बाळा. न कळलेलं मी भराभरा वाचते. ह्ये कळतंय, म्हणून म्होरं जाता येत न्हाई."

माझं डोकंच चालेना. सर खरे की मावशी?

संध्याकाळी घड्याळ लावून मी एक उतारा वाचला. धरणात बुडालेल्या गावाबद्दल होता. वेळेआधी संपला, सगळी उत्तरं बरोबर आली. मी कुठंच थांबलो नव्हतो.

याला कळलं म्हणायचं का, ते मला अजून कळलेलं नाही.