बुडालेलं बदक

माझ्या काकूच्या तोंडून कोणाबद्दल चांगला शब्द निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. भाजीवाल्याची भाजी शिळी, शेजारणीची पोरं आगाऊ, काका जन्माचे मंद आणि माझी आई म्हणजे तर विचारूच नका. आई रेशमावर रंग भरते. काकूचं म्हणणं असं, की ती भरत नाही, सांडते. "रेघ माझी आहे म्हणून तुझ्या आईचा रंग जागेवर राहतो, नाहीतर ते सांडलेलं पाणी," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वाईट याचं वाटतं, की त्यात थोडं तथ्य आहे.

रेशमावर रंग ठेवला की तो आपल्या पायाने चालू लागतो. त्याला अडवायला आधी डिंकाची रेघ लागते. बारीक तोंडाच्या बाटलीतून पातळ डिंक सोडत चित्राची कड काढायची, तो कापडात आरपार मुरू द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग रंग लावायचा. रंग धावत येतो आणि रेघेला टेकून थांबतो. पुढे कापड वाफवलं की रंग पक्का होतो, धुतलं की डिंक निघून जातो आणि त्याच्या जागी पांढरी रेघ उरते. पण रेघेत केसाएवढी जरी फट राहिली तरी रंग त्यातून पलीकडे जातो, आणि एकदा गेलेला रंग परत बोलावता येत नाही.

हे काम घरात आणलं काकूनेच. ते कोणी नाकारत नाही, आणि नाकारायची सोय तिने ठेवलेलीही नाही. आई लग्न होऊन आल्यावर काकूने तिला रंग भरायला शिकवलं, रेघ मात्र शिकवली नाही. आई ती बघून बघून शिकली आणि गप्प राहिली. पुढे चूल वेगळी झाली, चौकट वेगळी झाली नाही. रेशीम ताणायची ती लाकडी चौकट एवढी लांब आहे, की दाराबाहेर काढायची तर भिंत पाडावी लागेल. त्यामुळे दोन्ही जावांना रोज एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या उजेडात बसावं लागतं. कापड ताणून टाचण्या लावणं आणि शेवटी वाफवणं ही कामं माझी.

नवीन रेशीम ताणलं की काकू सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यात आपली खूण काढायची. डिंकाच्या एका रेघेत, बाटली न उचलता, मान वळवलेला एक पक्षी. चित्र मागाहून. रंग त्याच्या बाजूने निघून जायचा आणि आत पक्षी पांढराशुभ्र राहायचा. काकू त्याला हंस म्हणायची. आम्ही मायलेकी आपसात बदक म्हणायचो. ते एकदा तिच्या कानावर गेलं आणि तिने महिनाभर माझ्या ताणलेल्या प्रत्येक कापडात झोळ काढला. पण ज्या दुकानात आमचं काम जायचं तिथे गिऱ्हाईक तो पक्षी बघून कापड घ्यायचं, हेही खरं.

आईने एकदाच मागितलं होतं. हंसाच्या शेजारी माझाही एक ठिपका असू द्या, एवढंच. काकू म्हणाली, "घर रंगवणारा घरावर आपलं नाव घालतो का?" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर बसायचं आणि माझ्यामार्फत बोलायचं. तुझ्या आईला सांग, निळा फार दाट झालाय. तुझ्या काकूला सांग, माझे डोळे शाबूत आहेत. दोघींच्या मध्ये चौकटीची रुंदी तेवढी, आणि मी निरोप पोचवत उभी. आईला तो ठिपका मिळावा असं मला फार वाटायचं. काकूचा मला राग यायचा, अजून येतो.

मग काकूचा हात थरथरू लागला. कबूल करेल तर ती काकू कसली. डिंक पातळ आलाय, बाटलीचं तोंड खराब आहे, पोरीने कापड सैल ताणलंय. नाचता येईना अंगण वाकडं. रेघ तुटक येऊ लागली, कुठे डिंक नुसता वर बसायचा, आत मुरायचाच नाही. काकू जेवायला गेली की आई चौकटीखाली वाकून उजेडाकडे बघायची. मुरलेली रेघ खालून चमकते, न मुरलेली मंद दिसते. जिथे मंद, तिथे आई आपल्या बाटलीने हळूच डिंक लावून सांधायची. मी म्हटलं, कशाला करतेस, जाऊ दे वाहून, एकदा तरी तिचं तिला कळेल. आई म्हणाली, "वाहून गेला तर रंग माझा जाईल. नाव माझंच होईल, सांडलं म्हणून."

दुकानवाल्या बाईंनी एका नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी मोठं रेशीम सांगितलं. पाणवनस्पती, वेली, खाली गडद निळं पाणी. काकूने रेघा काढल्या, आईने नेहमीसारख्या सांधल्या. पण आईच्या बाटलीचं तोंड जाड, म्हणून सांध्यावर बारीकशी गाठ येते. त्या दुपारी काकू लवकर परतली. तिने कापड खालून पाहिलं आणि ताठ झाली.

"तुझ्या आईला सांग," ती मला म्हणाली, "माझ्या रेघेला पुन्हा हात लावला तर दुकानवालीला सांगून रंगाला दुसरी बाई आणीन. चौकट माझी आहे."

चौकट खरंच तिची होती. आईला जायला दुसरी जागा नव्हती आणि दुसरं काम येत नव्हतं. काकूने तिच्यादेखत कापड पुन्हा पाहिलं, एक-दोन वेली नव्याने ओढल्या, थरथरत्या हाताने कोपऱ्यातल्या बदकावरूनही एकदा बाटली फिरवली आणि ती गेली.

मला वाटलं, आता आई सगळं सोडून देईल. पण तिने एकेक फट शोधली आणि माझ्याकडून दिवा धरवून सगळ्या सांधल्या. कोपऱ्याशी आली तेव्हा मी दाखवलं, की बदकाची चोच उघडी आहे आणि पोटाखाली डिंक मुरलेलाच नाही. आईने बाटलीला टोपण लावलं.

"हात लावू नको म्हणाल्यात ना," ती म्हणाली आणि तिने निळा रंग घेतला.

निळा चोचीतून आत शिरला, पोटाखालून शिरला. बदक आमच्या डोळ्यांदेखत बुडालं. उरला एक फाटक्या कडेचा निळा डाग आणि त्याच्या टोकाला शेपटीची एक पांढरी रेघ. आई शांतपणे पुढचं पाणी भरत राहिली. मला भीती वाटली आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. काकूचं कंबरेचं दुखणं निघालं म्हणून ती दोन दिवस फिरकली नाही. मी कापड वाफवलं, धुतलं, वाळवलं.

दुकानवाल्या बाई आल्या तेव्हाच काकूने ते पहिल्यांदा पाहिलं. रेशीम खिडकीत टांगलेलं होतं आणि खरंच देखणं झालं होतं. बाई जवळ जात जात कोपऱ्याशी थांबल्या. "हे काय झालं इथे? हंस कुठाय? असं डागाळलेलं मी कुणाला देऊ?"

काकूने डाग पाहिला. मग ती कापडाच्या मागे गेली आणि उजेडात रेघा बघत बराच वेळ उभी राहिली. डिंक धुऊन गेला होता, तरी सांध्यांच्या जागी पांढऱ्या रेघेत तिला गाठी दिसत होत्या. एवढ्या मोठ्या कापडावर एकच जागा फुटावी आणि ती नेमकी तिच्या खुणेची असावी, याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने एक शब्द उच्चारला असता, सांडलं, तर आईचं काम गेलं असतं. आईने हात पाठीमागे धरले होते. मी मनातल्या मनात काकूला शिव्या घालत होते.

काकू पुढे आली. "हंस नाहीये यावर," ती म्हणाली. "ही सही माझ्या जावेची आहे. तिला दुसरं काही येत नाही, म्हणून ती सांडते."

बाईंनी चष्मा लावून डाग पुन्हा पाहिला, बरं म्हणाल्या आणि रेशीम गुंडाळून घेऊन गेल्या. आईला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि देणारीने ते तोंडावर फेकून दिलं होतं. आई त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवीन रेशीम ताणलं. काकूने बाटली उचलली, सवयीने कोपऱ्याकडे नेली आणि मागे घेतली. कोपरा कोरा ठेवून तिने चित्र काढलं, जागोजागी तुटलेलं. मग बाटली चौकटीवरून आईसमोर सरकवली.

"ही घे," ती थेट आईला म्हणाली. "तुझ्या गाठी दिसतात, गोधडी शिवल्यासारख्या."

आईने बाटली घेतली, तोंड निरखून पाहिलं. "जाऊबाई, हिचं तोंड अर्धं बुजलंय. साफ करत नाही तुम्ही कधी."

त्या दिवसापासून दोघी बोलू लागल्या आणि घरातली शांतता गेली. सकाळपासून जी तोंडं सुटतात ती दिवा लागला तरी मिटत नाहीत. त्या दिवशीही सांधून, भरून झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. उरला होता तो कोपरा. आईने ब्रश भरून घेतला, पण तिचा हात खाली जाईना.

"आता काय झालं?" काकू म्हणाली. "सांड की."

आईने ब्रश टेकवला. रंग हवा तसा पसरला, एका बाजूने फुगला आणि थांबला. काकूने मान वाकडी करून तो बराच वेळ पाहिला.

"बदक बरं होतं," ती म्हणाली.