वायवाच्या वाटेवरचे आम्ही तिघं

पीएच.डी. सुरू होते तेव्हा माणूस नुसता पळत असतो. कोर्सवर्क, सर्व्हे, प्रश्नावल्या! शेवटची दीड-दोन वर्षं मात्र थांबण्यात जातात. सहीसाठी थांबा, रिपोर्टसाठी थांबा, वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तारखेसाठी थांबा. आणि थांबलेल्या माणसांभोवती किस्से कसे साचत जातात, विचारू नका! आमच्या मॅनेजमेंट विभागामागं एक कडुनिंब आहे, त्याखाली सिमेंटचा बाक. माझ्याकडचे निम्मे किस्से त्या बाकावरचे.

बाकावर आम्ही तिघं. फुलंब्रीहून रोज बसनं येणारे रमेशदादा, ज्युनिअर कॉलेजला शिकवणारे, पन्नाशीला टेकलेले. त्यांचा विषय दूध संस्थांमधली निर्णयप्रक्रिया. शहरातलाच मुश्ताक, त्याचा विषय हिमरू शाली विणणाऱ्या घरांचा धंदा. आणि मी, पुंडलिकनगरची सुनंदा. कारखान्यांतल्या बायकांचं कामातलं समाधान. तिघांच्या गाइड एकच, वाघमारे मॅडम. निवृत्तीला आलेल्या. बोलता बोलता खिडकीतून टेकडीकडं बघत राहायच्या. आपण समजायचं, आता काहीतरी येणार.

*

माझं चौथं प्रकरण मॅडमनी समोर बसून वाचलं. दुपारची वेळ, पंखा हळू फिरत होता, बाहेर निंबाची पानं गळत होती. एका पानावर त्या थांबल्या. मग टेकडीकडं बघितलं.

"सुनंदा, हा परिच्छेद थकलाय गं."

"म्हणजे, मॅडम?"

"फार वेळा खोडून लिहिलास ना? झोपू दे त्याला. चार दिवस हात लावू नकोस."

घरी आले, लॅपटॉप अगदी हळू मिटला. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"परिच्छेद झोपलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. लॅपटॉपकडं बघितलं. आणि टीव्हीचा आवाज कमी केला!

*

रमेशदादांचं प्री-सबमिशन प्रेझेंटेशन. समितीत बाहेरून आलेले एक कडक सर. सगळ्या स्लाइड्स शांतपणे बघितल्या आणि शेवटी नेमका तो प्रश्न टाकला, जो सगळ्यांना नको असतो.

"या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?"

दादांनी हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला. मी आणि मुश्ताक मागच्या रांगेत श्वास रोखून.

"समाजाचं नाय सांगता येत, सर," दादा म्हणाले. "मला मात्र लई झाला. संस्थेच्या मीटिंगांत बसून बसून एक कळलं, निर्णय एकट्यानं घेतला की चुकतो. तवापासून घरात काय बी करायचं म्हणलं की आधी बायकोला इचारतो."

सर काही बोलायच्या आत समितीतल्या एक प्राध्यापिका म्हणाल्या, "हे निष्कर्षात टाका! ठळक अक्षरात!"

*

मग आला वाङ्मयचौर्याचा तपास. सॉफ्टवेअरला प्रकरणंच द्यायची असतात, पण मी घाईत अख्खी फाइल दिली, आभाराच्या पानासकट. रिपोर्ट घेऊन मॅडमकडं गेले.

मॅडमनी चष्मा वर केला. "प्रकरणं स्वच्छ आहेत. आभाराचं पान मात्र सगळं लाल!"

खरंच की! 'त्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय', 'मोलाचे सहकार्य', 'ऋणात राहणे पसंत करीन'... एकेक ओळ कुणाकुणाच्या प्रबंधात सापडली होती.

"सुनंदा, आभार तरी स्वतःचे मान."

आठ दिवस मी बाकावर बसून आठवत राहिले, खरंच कुणाकुणाचे मानायचे. डोळ्यांसमोरून काय काय जायचं. धुणं वाळत घालता घालता माझ्या सर्व्हेतली नावं पाठ झालेल्या सासूबाई. ग्रंथालयातले ते काका, जे मला बघितलं की न विचारता खिडकीजवळचा दिवा लावायचे. शेवटी एक ओळ लिहिली नवऱ्यासाठी: 'कधी संपणार, हे ज्यानं एकदाही विचारलं नाही त्याला.'

त्यानं वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "आता विचारू का?"

*

मुश्ताक प्रबंध बांधायला गुलमंडीजवळच्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडं गेला. निळं कापड, सोनेरी अक्षरं. चाचांनी विचारलं, "नाम के आगे डॉक्टर डालूँ?"

"अभी नको चाचा, वायवा बाकी है."

चाचांनी मान हलवली. प्रती तयार झाल्या, मुश्ताक नाचत घेऊन आला. मॅडमनी कव्हरवरून हात फिरवला आणि थांबल्या. नाव मधोमध नव्हतं. उजवीकडं सरकलेलं, आणि त्याच्या आधी चांगली दोन बोटं मोकळी जागा!

"ही जागा कशाची, मुश्ताक?"

मुश्ताकचे कान लाल. "उम्मीद की है, मॅडम."

मॅडमनी टेकडीकडं बघितलं. म्हणाल्या, "राहू दे."

*

प्रबंध परीक्षकांकडं गेले की मग काहीच हातात नसतं. रमेशदादा बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात वायवा द्यायचे. परीक्षक विचारतायत, हे उत्तर देतायत, टाळ्या पडतायत. एका संध्याकाळी उत्तरं इतकी सुरेख सुचायला लागली की फुलंब्री कधी आली आणि गेली, त्यांना पत्ताच नाही. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा बाहेर अजिंठा!

घाबरत घरी फोन लावला. "अगं, मी अजिंठ्याला आलोय."

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं मला लेणी दाखवतो म्हणताय. एकटेच गेलात व्हय?"

*

माझा वायवा सगळ्यात शेवटी झाला. मॅडमच्या निवृत्तीचा महिना, आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तासभर प्रश्न चालले. परीक्षकांनी पदवीची शिफारस करतो म्हणून जाहीर केलं. टाळ्या, पेढे, फोटो. मी वाट बघत होते, मॅडम आता मला डॉक्टर म्हणतील. मॅडम प्रबंधाची मागची पानं चाळत बसलेल्या.

सगळे गेल्यावर त्यांनी जवळ बोलावलं. परिशिष्टात नमुना म्हणून एक भरलेली प्रश्नावली जोडली होती. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या कौसाबाईंची. सगळ्या चौकटींत खुणा. शेवटचा प्रश्न, 'एकूण विचार करता आपण या कामात समाधानी आहात का?', त्यापुढं मात्र काहीच नाही. समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं: 'उद्या सांगते म्हणाल्या.'

"मग? काय म्हणाल्या त्या?" मॅडमनी विचारलं.

"मी परत गेलेच नाही, मॅडम. बाकीचा डेटा पुरेसा होता."

मॅडमनी टेकडीकडंसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं झालेली, बाई तिथं असतील का, मला ओळखतील का, काहीच माहीत नव्हतं. बायकांचा घोळका आला. त्यातून एक जण सरळ माझ्याकडं आली. केस पांढरे झालेले, पण चेहरा तोच.

"आलात व्हय? मी म्हणलं, येत्यात का नाय."

"कौसाबाई, तो शेवटचा प्रश्न..."

"ध्यानात हाय माझ्या." त्यांनी पदर खोचला, गेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उभ्या उभ्या सांगायसारखं नाय ते. शिफ्ट सुटू द्या. डबा आणलाय का तुम्ही?"