सेगुलाबाईंचा सज्जा

चिंचवडच्या स्टेशनामागच्या चाळीत सेगुलाबाई किहीमकर मुलाबरोबर राहायच्या. मुलगा सामसन पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला, म्हणून पुण्याची जागा सोडून त्या इकडे आल्या होत्या. चाळीत बेने इस्रायलचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर एवढं एकच. पण बाईंच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या वड्या चाळभर जायच्या, त्यामुळे परकेपणा कधी वाटला नाही.

एकच गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं, कॅम्पात पुतण्याकडे मुक्काम करायचा आणि शनिवारी वाहन वर्ज्य म्हणून सकाळी चालत लाल देवळात, ज्यूंच्या प्रार्थनाघरात जायचं. सोबतीला थेरगावची तानाबाई असे. तिची लेक कॅम्पातच दिलेली, आणि भाजीची पाटीही तिकडेच खपायची.

तानाबाईनं ते देऊळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फाटकातच थबकली. लाल विटांची भिंत, टोकदार कमानी, वर आभाळात घुसलेला मनोरा आणि त्यावर घड्याळ.

"बाई, ह्ये तर किरिस्तावांचं हाय की!"

"सगळे तसंच म्हणतात," सेगुलाबाई हसल्या. "बगदादहून आलेल्या ससून शेठनं बांधायला घेतलं, नव्वद वर्षं होत आली. तेव्हा साहेबी बांधकामाची चाल होती. पुरं झालेलं बघायला शेठ काही राहिला नाही. ती बघ, आवारातच त्याची समाधी."

"आन् देव कुठं हाय?"

"मूर्ती नाही गं. पश्चिमेच्या भिंतीत कपाट आहे, पडदा लावलेलं. यरुशलेम त्या दिशेला, म्हणून तिकडं. त्यात तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, हातानं लिहिलेल्या. मधल्या कठड्याच्या ओट्यावरून त्या वाचतात."

"मंग तुमी कुठं बसता?"

सेगुलाबाईंनी वर बोट केलं. पुरुष खाली, बायका वरच्या सज्जात. सज्जाचा जिना अरुंद आणि वळणाचा. लग्न होऊन आल्यापासून त्या तो चढत होत्या. देऊळ त्यांच्या ओळखीचं होतं ते वरून: लोंबत्या हंड्यांच्या दिव्यांची वरची बाजू आणि पुरुषांच्या टोप्या.

मात्र अलीकडे सज्जा रिकामा पडत चालला होता. घरामागून घर इस्रायलला निघालं होतं. बाईंची थोरली लेक रेबेकाही गेली. जाताना म्हणाली, "आई, तूही चल." बाई म्हणाल्या, "सामसनचं लग्न होऊ दे, मग बघू." खरं म्हणजे त्यांना जायचंच नव्हतं, पण लेकीला तोंडावर नाही म्हणवेना.

त्या वर्षी पावसाळ्यात बाईंचे गुडघे धरले. तानाबाई हात देई, तरी जिन्यात दोनदा बसावं लागे. देवळाची देखभाल करणारे दानिएलमामा हे दर शनिवारी बघत होते. तोराच्या सणाला त्यांनी बाजूच्या दारापाशी खुर्ची मांडली.

"वहिनी, इथं बसा. कुणी काही म्हणणार नाही."

बाई आधी आढेवेढे घेत होत्या, पण त्या दिवशी पाय उचलेचना. बसल्या. तानाबाई बाहेर पायरीवर टेकली.

खालून देऊळ निराळंच दिसत होतं. कपाटाचा पडदा हाताच्या अंतरावर असल्यासारखा. त्याच्या काठावरची जर विटली होती, ते आज कळलं. खांब किती उंच, तेही आज कळलं. बाईंना बरं वाटलं. उगाच इतके दिवस हट्ट केला, असंही वाटलं.

मग त्यांनी सहज मान वर केली. सज्जात एकच बाई होती, कठड्यामागे अंग चोरून बसलेली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, आणि खांदे हलत होते.

"मामा, ती कोण?"

"मिलका. देहूरोडच्या डेपोतल्या रूबेनची बायको, रेवदंड्याची. नवीन लग्न. आईबाप मागच्या बोटीनं इस्रायलला गेले तिचे."

 बाईंनी दाराकडे वळून हलकेच हाक मारली. "तानाबाई, हात दे."

"कुठं?"

"वर."

"अवो, आत्ताच म्हनला न्हवं का, जमत न्हाई?"

"बसत बसत जाऊ."

तशा त्या गेल्या. वळणावर दम खाल्ला, पुढे कठडा धरून अंग ओढत चढल्या. मिलकानं पदरानं डोळे पुसले आणि घाईनं सरकून जागा केली.  धाप ओसरेपर्यंत बाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"माझी रेबेका गेली तेव्हा मी इथंच बसून रडले," त्या म्हणाल्या. "खाली कुणाला दिसत नाही असं वाटायचं. दिसतं गं, सगळं दिसतं."

मिलका ओशाळून हसली.

खाली पडदा सरला. मखमली वेष्टनातल्या तोरा उचलून पुरुष ओट्याभोवती फेर धरू लागले. गाणं घुमून थेट सज्जापर्यंत आलं.

"यातला तुझा कुठला?"

मिलकानं वाकून पाहिलं. "टोप्या सगळ्या सारख्याच की हो, मावशी!"

"चाल बघ. चालीवरून ओळखायचा."

ती बघू लागली. तिसऱ्या फेऱ्याला म्हणाली, "तो, पाय ओढणारा."

मार्गशीर्षात मिलका-रूबेन चिंचवडला, बाईंच्याच चाळीत राहायला आले. त्यानंतर शुक्रवारच्या गाडीत तिघी असायच्या, आणि भाजीची पाटी चढवायला तानाबाईला दोन हात जास्तीचे मिळाले.