लाल औषध

माझं माहेर देवासचं. लग्न होऊन धारला आले आणि पहिली मुलगी झाल्यावर एका सरदारांच्या घरी बाईसाहेबांच्या तैनातीला लागले. माझा नवरा तिथेच पागेवर होता. त्या घरात सगळे हळू बोलत. सरदारांच्या पहिल्या बाईसाहेब जेवणानंतर पोटात कळ येऊन अचानक गेल्या होत्या. कशाने गेल्या हे कोणी उघड म्हणत नसे, पण तेव्हापासून सरदारांच्या आईसाहेब घरातला प्रत्येक पदार्थ आधी कुणाला तरी चाखायला लावीत.

दुसऱ्या बाईसाहेब माझ्याच वयाच्या. मुलगा झाला आणि त्या ज्या आडव्या झाल्या त्या उठेनातच. महूच्या छावणीतून डॉक्टर आले. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "अंगात रक्त नाही. रोज दुपारी जेवणाआधी थोडी लाल वाइन द्या." आईसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण नातवाची आई जगायला हवी होती. त्या दिवसापासून घरात दारूला 'लाल औषध' म्हणायचं ठरलं.

ते चाखायचं काम माझ्याकडे आलं. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, आणि आईसाहेबांनी मला निवडलं ते त्याचसाठी. "लेकुरवाळी आहे. स्वतःच्या पोरीसाठी तरी जपून चाखील," असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या.

मी रोज दुपारी मुलीला आधी पोटभर पाजून घेई, मग पेल्यातला घोट तोंडात घेई. नंतर बराच वेळ तिला जवळ घेत नसे. माझ्या जिवाचं काही व्हायचं तर होऊ दे, पण दुधातून तिच्या पोटात काही जाऊ नये, एवढंच मनात असे.

वाइन आणायचा आणि ओतायचा तो घरातला गोव्याचा बटलर. केस पिकलेला, बेताचं बोलणारा माणूस. पूर्वी एका फ्रेंच साहेबाकडे राहिलेला. पहिले काही दिवस जी बाटली होती तिची चव मला ओळखीची झाली. रंग इतका पातळ की पेल्यामागे धरलेली बोटं दिसत. वास फालशाच्या फळाचा, आणि त्याच्या मागून ओल्या पाचोळ्याचा. जिभेला पाणी सुटे आणि घोट अलगद उतरून जाई.

मग एक दिवस पेला काळपट दिसला. घोट घेतला तर हिरड्या आवळल्या, जीभ खरखरीत झाली, गालांच्या आतली कातडी ओढली गेल्यासारखी वाटली. मी पेला खाली ठेवून माजघरातून धावत बटलरकडे गेले.

"यात काय घातलंत?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. "बाई, घाबरू नका. कुछ नहीं डाला. द्राक्ष वेगळं आहे. महूला जे मिळेल ते येतं. कालपर्यंत होती ती पिनो. तिची साल पातळ. आजची कॅबर्ने. बारीक काळं द्राक्ष, साल जाड. सगळा तुरटपणा त्या सालीचा. कच्चं जांभूळ खाल्लं तर तोंड कसं होतं?"

"असंच होतं."

"तेच. पिनो आंबटपणावर उभी असते, कॅबर्ने तुरटपणावर. दोन्ही नीट ओळखून ठेवा. नाहीतर बाटली बदलली की दर वेळी मरायला टेकाल."

त्याने दोन पेल्यांत दोन्ही ओतून दिल्या. मी एकामागून एक चाखल्या. कॅबर्नेला मिरचीचा हिरवा देठ मोडल्यासारखा वास होता, खाली जुन्या लाकडी पेटीचा. गिळल्यावरही ती तोंडात रेंगाळे. पिनोची चव तोवर विरून गेलेली असे. थोड्याच दिवसांत मला डोळे मिटून फरक कळू लागला. भीती मात्र कमी झाली नाही. विषाची चव कशी असते हे मला कुठे माहीत होतं?

उन्हाळ्यात महूहून नवीन पेटी आली. खडबडीत रस्त्याने दिवसभर टांग्यात हादरत. आईसाहेबांनी घाई केली, बटलरला ताप होता, त्याने तशीच बाटली उघडली. कॅबर्ने होती. मी घोट घेतला आणि नेहमीच्या तुरटपणाखाली कडू लागलं. दातांखाली काहीतरी कचकचलं. मी तोंडातलं पदरात थुंकले आणि ओरडले, "बाईसाहेब, हात लावू नका!"

पुढे काय झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. आईसाहेब आल्या, शिपाई आले. बटलरला अंगणातल्या खांबाला बांधलं. तो तापाने थरथरत होता. कुणीतरी पहिल्या बाईसाहेबांचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या नजरा बदलल्या. "हाच होता तेव्हाही," आईसाहेब म्हणाल्या. सरदार शिकारीला गेलेले. ते येईपर्यंत हा माणूस जिवंत राहील का, याची मला शंका वाटू लागली.

तो मला हाक मारून म्हणाला, "बाई, गाळ आहे तो. सालीचा गाळ. जाड सालीच्या वाइनला जुनी झाली की बसतो. बाटली हलली, वर आला."

मी पेला उजेडात धरला. तळाशी काळसर चुरा बसत होता. वरची वाइन निवळत होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. कडवटपणा तोच होता, हिरड्या धरणारा. पण विष मिसळलेलं असलं तरी ते असंच लागलं नसतं कशावरून?

"आईसाहेब," मी म्हटलं, "मला वाटतं हा गाळच आहे."

"वाटतं?" त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "खात्री असेल तर पी. सगळा."

माझा नवरा दारात येऊन उभा होता. त्याने मानेने नाही म्हटलं. माझी मुलगी त्याच्या कडेवर होती आणि माझ्याकडे झेपावत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि पेला रिकामा केला, गाळासकट.

मला अंगणातच बसवलं, बटलरसमोर. ऊन उतरेपर्यंत मी पोटात कळ येण्याची वाट पाहत होते. जरा आतडं गुरगुरलं की घाम फुटे. मुलगी आत रडत होती. नवरा तिला शेळीच्या दुधात बुडवलेला बोळा चोखायला देत होता आणि ती तो थुंकत होती. तिचा आवाज आला की माझी चोळी भिजे. बटलर खांबाला टेकून डोळे मिटून काही पुटपुटत होता. मी कुलदेवीचं नाव घेत होते.

दिवेलागणीला आईसाहेब बाहेर आल्या. मला उभं करून त्यांनी माझी नखं पाहिली, जीभ पाहिली. "सोडा त्याला," एवढंच म्हणाल्या.

त्याच्या मनगटांवर दोरीचे वळ उठले होते. माझ्याजवळून जाताना तो थांबला. "पोर प्याली का दूध?"

"अजून नाही."

"सकाळपर्यंत थांबा," तो म्हणाला. "विषासाठी नव्हे. दारू फार झाली आज."

ताप उतरल्यावर तो महूला निघून गेला, परत आला नाही. जाण्यापूर्वी उरलेल्या बाटल्या त्याने कोठीत आडव्या लावून दिल्या आणि ओतताना हात कसा स्थिर ठेवायचा ते मला दाखवलं.

नंतर पहिल्यांदा मी स्वतः ओतून पेला आत नेला तेव्हा बाईसाहेबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"आज आधी मी."

"असं करू नका. आईसाहेबांना कळलं तर—"

"त्या देवघरात आहेत. तुझी पोर लहान आहे."

"तुमचाही लहान आहे."

"त्याला सांभाळायला घरभर माणसं आहेत," असं म्हणून त्यांनी घोट घेतला. लगेच त्यांना ठसका लागला. मी त्यांची पाठ चोळू लागले. त्यांनी डोळे पुसले.

"किती तुरट! कुठली ही?"

"कॅबर्ने," मी म्हटलं.

त्या उठून हिंडू लागेपर्यंत आम्ही असंच केलं. पहिला घोट त्यांचा, मग माझा. त्यांनी गिळलं की मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसे. स्वतः चाखताना वाटली नव्हती एवढी भीती मला त्या दुपारी वाटे. बाईसाहेब मात्र हात सोडवून घेत नसत. मी मान वर करेपर्यंत तशाच बसून राहत.