क्रोमच्या खाचेतला लाल रंग

मांजरसुंब्याच्या चौकात आमची पेंटिंगची टपरी आहे. ट्रकच्या नंबरप्लेटा, धाब्यांचे बोर्ड, मागच्या फळीवरची फुलं, सगळं मी वडिलांकडून शिकले. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून ब्रश माझ्याकडे आहे. म्हणून नेकनूरकडच्या एका बड्या पुढाऱ्याचं बोलावणं त्यांना आलं, तेव्हा गेले मी.

शेतातल्या शेडमध्ये त्याच्या वडिलांची जुनी काळी मोटार उभी होती. बॉनेटच्या मधोमध क्रोमची लांब पट्टी. पट्टीतल्या बारीक खाचांमध्ये कधीकाळी लाल रंग भरलेला होता, त्याच्या आता खपल्या निघाल्या होत्या. त्या काढून नवा लाल भरायचा, एवढंच काम.

"पट्टीला काय करायचं ते कर," मालक म्हणाला, "पण काळ्या रंगाला हात न्हाई लावायचा. माझ्या बापाच्या वेळचा रंग हाय तो. वरखडा दिसला तर बघ मग."

आणि तो बैठकीला बीडला निघून गेला. त्याच्या रागाच्या गोष्टी आमच्या चौकात ट्रकवाले आवाज खाली करून सांगायचे.

दुपारपर्यंत काम छान चाललं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवून मी खाचांत जुना रंग सोडवणारं रिमूव्हर लावत होते, काडीने तो उकरत होते. रिमूव्हरचा डबा मी मडगार्डवर ठेवला. तिथेच चुकलं. कोपर लागलं आणि डबा बॉनेटवर कलंडला.

झटकन पुसलं, पाणी ओतलं. तोवर तळहाताएवढा काळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. बघता बघता तो फुगला आणि फडक्याबरोबर निघून आला. खाली करडा पत्रा.

फाटकावर राखणदार बसलेला, त्याने पाहिलं नव्हतं. पिशवी उचलून बस गाठावी, असं वाटलं. उंदराने डबा पाडला म्हणावं, असंही वाटलं. शेवटी वडिलांना फोन केला. घडलं ते सांगितलं.

"पळून येऊ नको," ते म्हणाले. "त्यानं बघायच्या आदी तूच सांग."

"आन् त्यानं काय केलं तर?"

"मी निघतो तिकडं. पर तू सांग."

ते पोचायच्या आधीच गाडीचा आवाज आला. मालक एकटाच आत शिरला. "मालक, माझ्या हातून रंग गेला," एवढंच म्हणाले आणि बोटाने दाखवलं.

तो वाकला. त्या पत्र्यावरून अंगठा फिरवला. मग ओरडला, "तुला सांगितलं होतं ना!" शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो खुर्चीवर बसला होता. कमरेचं पिस्तूल काढून त्याने शेजारच्या स्टुलावर ठेवलं होतं.

"लाल रंग भर," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

मी बारीक ब्रश बुडवला. ब्रशचं टोक खाचेवर टेकेचना, इतका हात हलत होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी तेच. आता हाही रंग बाहेर गेला तर, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चोरून पाहिलं. त्याने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली होती आणि तो बाहेरच्या तुरीकडे बघत बसला होता.

मग रेघ सरळ यायला लागली. खाचा भरल्या, रंग जरा सुकत आल्यावर कडक पुठ्ठ्याला फडकं गुंडाळून वरचं क्रोम हलकेच पुसलं. लाल तेवढा आत राहिला.

वडील धापा टाकत पोचले तेव्हा मालक पट्टीवर वाकून बघत होता. त्यांच्या जोडलेल्या हातांकडे त्याने पाहिलंही नाही.

"पट्टी चांगली झाली," तो म्हणाला.

"आन् तो डाग, मालक?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आता तिथं कुणालाच हात लावू देणार न्हाई मी. जा तुमी."

परतीच्या बसमध्ये वडील पुढे बसले, मला मागे जागा मिळाली. तिथे माझं अंग जे कापायला लागलं ते थांबेना. शेजारच्या बाईने कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप हाय का गं, बाई?"

"हो," मी म्हणाले. तिने आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.