दात खाणाऱ्याचा साक्षीदार

दातांच्या दवाखान्यात किस्से कमी का पडत नाहीत, माहितीये? पेशंट खुर्चीत असतो तोवर त्याच्या तोंडात आमचे हात. बिचाऱ्याला बोलता येत नाही. मग उठला की तुंबलेलं सगळं एकदम बाहेर, आणि ऐकायला मी असतेच. इथे आखातात, बिन महमूद भागातल्या या क्लिनिकमध्ये मी अकरा वर्षं असिस्टंट आहे. आमच्या मृणाल मॅडम सोलापूरच्या. मला त्यांचा भारी अभिमान आहे, आणि तो मी अजिबात लपवत नाही.

झोपेत दात खाणारा माणूस मॅडम बरोब्बर ओळखतात. दाढा झिजून सपाट, सकाळी डोकं जड, जबडा आखडलेला. पण पेशंट कबूल होईल तर शपथ. "मी? छे, मी नाही हं." झोपेतलं त्याला कळणार कसं? म्हणून मॅडमचा नियम आहे, साक्षीदार घेऊन या. जो शेजारी झोपतो, तो.

अबू हमूर भागात राहणारे एक इंजिनिअर बायकोला घेऊन आले. पुण्याचे, त्यामुळे आधी दहा मिनिटं मॅडमचं निदान कसं चुकलंय ते समजावून झालं. मॅडमनी शांतपणे बायकोला विचारलं, "रात्री करकर असा आवाज येतो का हो?"

बाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तो हा होता? मी तीनदा एसीवाला बोलावला."

त्याच इंजिनिअरची आई तेव्हा पुण्याहून आलेली, तीही सोबत होती. दात खातो म्हणजे पोटात जंत, हे आपल्याकडे कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. मॅडमनी तिला नीट सांगितलं, की आजी, इथे जंतांचा काही संबंध नाही, ताण असतो, झोप धड लागत नाही. आजींनी मान डोलावली. पुढच्या व्हिजिटला चिरंजीव म्हणाले, "तिनं जंताचं औषध पाजलंच. वर चिमूटभर साखर. शेहेचाळीस वर्षांचा आहे मी."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"ती समोर उभी होती हो."

बघून बघून मीही तयार झालेय. ओल्ड एअरपोर्ट भागात मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. शेजारची बाई गप्प बसलेली, हसरी, पण कानाखाली तिचा गाल आतून सारखा हलतोय. तोंडात तर काही नाही. मला राहवेना. म्हटलं, "जरा जीभ दाखवा बघू." हळदीकुंकवाला जीभ कोण दाखवतं? पण दाखवली तिनं. कडेला दातांच्या खुणा, अगदी करंजीच्या मुरडीसारख्या. "अहो, तुम्ही दिवसासुद्धा दात आवळून बसता. ओठ मिटायचे, दात सुटे ठेवायचे," असं सांगून तिला क्लिनिकला पाठवली. मॅडम तिला तपासून म्हणाल्या, "सुलभाताई, माझी खुर्ची घेताय की काय?" त्या दिवशी मी घरी शिरा केला.

आता दत्ताभाऊंचं सांगते. माण तालुक्यातले, इकडे क्रेन चालवतात. बायको-लेक गावाला, इथे एका खोलीत पाच जण. डावी दाढ ठणकते म्हणून आले. वर्षभरापूर्वी दुसरीकडे एक दाढ काढून झालेली, तरी दुखणं तसंच, आता शेजारच्या दाढेत. चार दिवसांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर निघायचं होतं. "मॅडम, ही पण काढा. खलास. घरी जाऊन मला नीट जेवायचंय."

मॅडमनी एक्स-रे काढला, दाढेवर ठोकून बघितलं. दाढ ठणठणीत. मग त्यांनी गालावर कानाखाली बोट दाबलं, तसे भाऊ कळवळले. "हीच, हीच दाढ." बोट तर दाढेपासून केवढं लांब. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, दुखतोय तो जबड्याचा स्नायू. तुम्ही झोपेत दात खाता. चांगली दाढ मी काढणार नाही. रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर करून देते. आधी साक्षीदार आणा."

शुक्रवारी खोलीतले चौघेही आले. इस्त्रीचे शर्ट, कोर्टात आल्यासारखे ओळीनं बसले. त्यातला बीडचा म्हणाला, "मॅडम, फरशी घासल्यावानी आवाज येतो. आम्ही बारी लावून उठवतो यांना."

दत्ताभाऊंना पटेना. "ही पोरं मस्करी करत्यात. माझी बायको सुरेखा, सतरा वर्षं झाली लग्नाला, कधी एका शब्दानं बोलली न्हाय. ती हो म्हणली तर ऐकतो. न्हाय म्हणली तर दाढ काढायची."

"लावा फोन," मॅडम म्हणाल्या. म्हणजे शब्द दिलाच. मॅडमनी कधी चांगली दाढ काढलेली नाही, आणि शब्द दिला की त्या फिरवत नाहीत.

फोन स्पीकरवर. मॅडमनी विचारलं, "सुरेखाताई, दत्ताभाऊ झोपेत दात खातात का?"

"न्हाय बाई. घरी असत्यात तवा लेकरावानी गपगार झोपत्यात."

भाऊंनी आमच्याकडे बघितलं, मान मागे टेकली आणि तोंड उघडलं. चौघे खाली बघायला लागले.

मॅडमनी हातमोजे घातले नाहीत. फोनजवळ वाकून म्हणाल्या, "ताई, घरी किती दिवस असतात हो ते?"

"दोन वर्सातनं दोन म्हैने."

तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला. "डॉक्टर, आई खाती दात. लई मोठ्यानं. आजी उठून बसती. पप्पा सुट्टीवर आले की थांबतंय."

"गप गं," सुरेखाताई म्हणाल्या.

दत्ताभाऊंनी तोंड मिटलं. मग उठून बसले आणि म्हणाले, "मॅडम, ते कव्हर दोन करा."